शनिवारी सांगितलेलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — तिला वाटतं, मगदूम मॅडमचं नाव निघालं की मी चिडतो. चिडतो कसला? तोंड लपवतो.

दोन कॉलेजं एकत्र करून कोल्हापुरात आमचं तंत्रविद्यापीठ झालं, तेव्हा संशोधनाचं वातावरण तयार करायचं काम माझ्याकडं आलं. मी मोठ्या कॉलेजातला, मॅडम धाकट्या कॉलेजातल्या. तिथून आलेल्यांना आमच्यातले 'तिकडचे' म्हणायचे — मीही म्हणायचो, हळू आवाजात. मग मी एक टूम काढली. दर शनिवारी सगळ्यांनी चहाला जमायचं आणि आपापला फसलेला प्रयोग सांगायचा. इथलं बोलणं कुणाच्या विरोधात वापरलं जाणार नाही, असा शब्द मी दिला. किती ऐटीत दिला!

पहिले दोन शनिवार सगळे चहा पिऊन गेले. तिसऱ्याला मगदूम मॅडम उठल्या. कागलच्या फौंड्र्यांतून, लोखंडाच्या ओतकामातून निघणारी जळकी वाळू विटांना चालेल का, हे त्या पाहत होत्या. विटा तडकत होत्या. कुठली, कधी, कुणाच्या चुकीनं — सगळं हसत हसत सांगितलं त्यांनी. मग बाकीच्यांचीही तोंडं उघडली. खरं तर ते वातावरण त्यांनी तयार केलं. शाबासकी मी घेतली.

पुढं एकच प्रयोगशाळा द्यायची होती. त्यांना, नाहीतर माझ्या जुन्या कॉलेजातल्या मित्राला. कुलगुरूंनी माझं मत लेखी मागितलं. आणि मी — कसं सांगू? — मी त्यांच्या तडकलेल्या विटा एकेक करून लिहून काढल्या. 'बहुतेक चाचण्या अयशस्वी.' एक अक्षर खोटं नव्हतं. मित्राच्या फसलेल्या चाचण्याही मला ठाऊक होत्या. त्या लिहिल्या नाहीत. आपल्या माणसाला नाराज करायची छाती नव्हती. भ्यालो.

प्रयोगशाळा मित्राला मिळाली. मॅडमच्या विटा आधी जिन्याखाली गेल्या, मग तिथूनही कुणीतरी उचलून टाकल्या. त्यांचं संशोधन तिथंच थांबलं. आता त्या फक्त तास घेतात. प्रयोगशाळेचा निर्णय झाला त्याच आठवड्यात त्या नृसिंहवाडीला जाऊन आल्या आणि प्रसादाचे पेढे घेऊन माझ्या खोलीत आल्या.

"सर, तुमी तरी माझ्या बाजूनं बोलला असणार, म्हाईत हाय मला."

मी पेढा घेतला. खाल्ला. चांगला आहे म्हणालो. त्या वेळी सांगता आलं नसतं का? आलं असतं. समोर बसल्या होत्या.

शनिवारची बैठक अजून होते. सांगण्यासारखं काही उरलं नाही तरी मॅडम येतात. परवा नव्यानं लागलेली एक प्राध्यापिका उभी राहिली आणि अडखळली. सांगावं की नको, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "सांग बिनधास्त. सर हायत की."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली.