अंगठीवर शिंपडलेलं पाणी

माझं लग्न पांढुर्ण्याच्या एका लहान चर्चमध्ये झालं. नवरा कॅथलिक आहे. त्याचे वडील रेल्वेच्या नोकरीसाठी इथे आले आणि इथलेच झाले. मी सौंसरच्या शेतकरी घरातली. माझा बाप्तिस्मा झालेला नव्हता, आजही झालेला नाही, म्हणून बिशपांकडून वेगळी परवानगी आणावी लागली. मुलांना आपल्या धर्मात वाढवण्याचा प्रयत्न करीन असं नवऱ्याने लिहून दिलं, तेही आधी मला सांगून. माझ्याकडून धर्माबद्दल काही लिहून घेतलं गेलं नाही.

वचनं झाल्यावर दोन अंगठ्या एका बशीत ठेवून फादरपुढे आणल्या. साध्या, बिनखड्याच्या. फादरनी प्रार्थना म्हटली, हाताने क्रूसाची खूण केली आणि अंगठ्यांवर पवित्र पाण्याचे थेंब शिंपडले. मग नवऱ्याने माझ्या डाव्या हाताच्या अनामिकेत एक घातली. ‘माझ्या प्रेमाची आणि निष्ठेची खूण म्हणून ही अंगठी घे,’ असं म्हणून त्याने पुढे ‘पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने’ हे शब्द जोडले. मी त्याच्या बोटात अंगठी घालताना पहिलं वाक्य म्हटलं आणि थांबले. फादरनी आदल्या आठवड्यातच सांगितलं होतं, “जो मानती नहीं हो, वो बोलना मत. यहाँ झूठ नहीं चलेगा.”

सासूबाईंनी मंगळसूत्रही आणलं होतं, मध्ये छोटा क्रूस असलेलं. त्यांच्याकडे अंगठ्यांबरोबर तेही आशीर्वादाला ठेवतात. मी नको म्हटलं. अंगठी मला पटली कारण ती दोघांच्याही बोटात असते. गळ्यातली खूण एकट्या बाईनेच वागवायची असते. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

माहेरहून वडील आले नाहीत. आत्या आली. तिसऱ्या बाकावर बसून तिने सगळं पाहिलं आणि सौंसरला जाऊन सांगितलं, “पोट्टीवर पाणी टाकलं. बाटली ते.”

त्यानंतर तीन वर्षं घरच्या कुठल्याही कार्यात मला हळदकुंकू लागलं नाही. मी जात राहिले. पंगतीत जेवले, भांडी विसळली, परत आले. मग धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. फोनवर ती म्हणाली, “ताई, पहिली हळद तूच लावशील मले.” मी हो म्हटलं.

आमच्याकडे नवरीला पहिली हळद पाच सवाष्णी लावतात. त्या भावकीतल्याच लागतात, लेकीबाळी धरून; शेजारची चालत नाही. हा नियम आमच्या घरात आत्याच सांभाळते. त्या दिवशी तिने पाच जणी मोजून ठेवल्या होत्या, तिच्यासकट. मोहगावहून नवऱ्या मुलाची उष्टी हळद येऊन पोचली होती. बहीण पाटावर बसली होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

“तू कावून बसून राहिली तिथं?” आत्या म्हणाली.

“हळद लावायला.”

“तुह्यावर पाणी टाकलं त्याहीनं.”

“पाणी अंगठीवर टाकलं, आत्या. तू होतीस तिथं.”

“अंगठी कोनाच्या बोटात हाय मंग?” तिने बायकांकडे पाहिलं. “गयात काई नाई, पायात काई नाई, अन् म्हने लगन झालं.”

दारात बसलेली शेजारची काकू म्हणाली, “बाई, तिच्या नवऱ्याच्याबी बोटात हाय. आमच्यावाल्याच्या हातात तंबाखूच्या खर्र्याच्या पुडीबिगर काई दिसलं का तुले कधी?”

दोघी-तिघी हसल्या. आत्या हसली नाही.

“काढून ठेव घंटाभर,” ती मला म्हणाली. “कोन पाहून राहिलं?”

“मी पाहून राहिली,” मी म्हटलं.

आई आत गेली आणि कपाटातून तिची जुनी काळी पोत घेऊन आली. “घंटाभर घाल, माय. मंग काढून टाक. माह्यासाठी.” आईला नाही म्हणणं आत्याला नाही म्हणण्यापेक्षा अवघड होतं. मी पोत तिच्या हातातून घेतली, गुंडाळली आणि परत तिच्याच हातात ठेवली. चर्चमध्ये जे मानत नव्हते ते बोलले नव्हते. इथेही बोलणार नव्हते.

“हे लावन तं मी नाई लावत,” आत्या म्हणाली. ती उठली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली. मी उठेन अशी तिची अपेक्षा होती. मी उठले नाही.

कुणीतरी म्हणालं, बोलवा तिला. कुणीतरी म्हणालं, मुहूर्त चालला. मग थोरल्या काकूने मोजलं. पाटाभोवती आत्याच्या यादीतल्या, आईसकट, चारच जणी होत्या. भावकीतली दुसरी सवाष्ण घरात नव्हती.

बहीण म्हणाली, “चार झाल्या. पाचवी बसूनच हाय. करा लवकर, पाय दुखून राहिले माहे.”

आईने हळदीची वाटी उचलली आणि माझ्यापुढे ठेवली. मी आंब्याचं पान बुडवलं. पायांपासून सुरुवात केली, गुडघे, खांदे, शेवटी कपाळ. अंगठी बोटात होती. माझ्यानंतर उरलेल्या चौघींनी लावली.

ओट्यावरून आत्याने विचारलं, “लावली का तिनं?”

“लावली,” दारातली शेजारची काकू म्हणाली.

“अंगठीसकट?”

“सकट.”

आता भावकीत असं सांगतात की त्या दिवशी आत्याचे गुडघे दुखत होते, तिला पाटाशी बसता आलं नाही, म्हणून तिच्या जागी मला घेतलं. आत्या आजही संत्र्याच्या बागेत दिवसभर उभी असते. तिचे गुडघे ठणठणीत आहेत. मला कुणी घेतलं नाही. मी बसले होते.