बैठकीच्या लावणीचा पुरावा

शनिवार, सकाळी अकरा. विद्यापीठाच्या नाट्यविभागात पीएच.डी.ची तोंडी परीक्षा. हजर: बाहेरचे परीक्षक, मार्गदर्शक, उमेदवार सुनंदा आणि समन्वयक म्हणून मी.

सुनंदाचा प्रबंध बैठकीच्या लावणीवर. यात गाणारी बसल्या जागी एकच ओळ वेगवेगळ्या अदांनी रंगवते. सुनंदा ही अदाकारी आईकडून शिकली. परीक्षकांनी विचारलं, "एका ओळीचे इतके अर्थ? पुरावा काय?"

तिने उत्तर द्यायला हात उचलला. भुवई जरा वर गेली.

"अहो बाई, इथे नाच नको. प्रबंधातलं पान सांगा."

"सर, हे बसूनच करतात."

"मग लिहून आणा. पुढच्या वेळी बघू."

तिने हात मांडीवर ठेवला. मार्गदर्शक चहाच्या कपात बघत राहिले. कलेला मानाने विद्यापीठात बोलवायचं आणि चपला काढायला लावाव्यात तसं तिला आपलं शरीर दाराबाहेर ठेवायला सांगायचं, हा कुठला न्याय?

मी म्हटलं, "सर, दोन मिनिटं बघा तरी."

"मॅडम, माझी गाडी चुकेल."

अहवालात त्यांनी लिहिलं, 'पुरावा सादर झाला नाही.' मी त्यावर सही केलेली नाही. सुनंदाची ती लावणीची ओळ बघायची अजून राहिली आहे.