नमुन्याचं पोतं

शी! अजून आठवलं तरी किळस येते.

आमच्या मिठाच्या कारखान्यात आक्का तपासणीच्या टेबलावर आणि मी शेजारी, पोती शिवायला. एकवीस वर्षं बाई तेच करत होती. चिमूटभर मीठ बशीत घ्यायचं, वर बाटलीतला एक थेंब टाकायचा. जांभळं झालं की आयोडीन आहे. चिठ्ठीवर सही, आणि गाडी सुटली. तोरा तर काय विचारता! "माझ्या सहीशिवाय कुणाच्या पातेल्यात मीठ पडत नाही," म्हणायची. गुडघे धरलेले, म्हणून गोदामापर्यंत जायची नाही. मुकादमच रोज सकाळी नमुन्याचं पोतं टेबलापाशी आणून ठेवायचा. "आक्का, तुम्ही कशाला तंगडतोड करता?" किती ती काळजी मेल्याला!

मग तिच्या सुनेला सातवा महिना लागला आणि गळा सुजलेला दिसला. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, अंगात आयोडीन फार कमी आहे, बाळाच्या मेंदूला धोका आहे. मीठ कुठलं खाता? आक्का ताठ्यात म्हणाली, "आमच्याच कारखान्यातलं. मी स्वतः तपासते." टेबलावरची बाटली घरी नेऊन तिने डब्यातल्या मिठावर थेंब टाकला. पांढरं ते पांढरंच.

दुसऱ्या दिवशी गुडघे धरत ती गोदामात गेली. मी सोबत होते. बारा पोती उसवली, एकातलंही मीठ जांभळं होईना. सरकत्या पट्ट्यावरच्या मिठावर आयोडीनचं पाणी मारायचा फवारा, त्याच्या तोंडाशी कोळिष्टकं लोंबत होती.

तेवढ्यात मुकादम आला. लाज म्हणून नाही! "दीड वर्ष बंदच आहे तो. औषधाचे भाव बघितलेत? तुमच्या टेबलाजवळच्या पोत्यात घालतो की मी हाताने, तुमच्यापुरतं." वर दात काढून हसला.

आक्काला उलटी झाली. खरंच झाली, तिथेच गोदामाच्या दारात. तोंड पुसून ती टेबलावर येऊन बसली आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'आयोडीन नाही.' खाली सही.

"माझ्या हातून माझ्याच नातवंडाला उपाशी ठेवलंस," ती म्हणाली. "आता एक गाडी सोडून दाखव."

गाडी भरून दारात उभी होती. मुकादमाने चिठ्ठी टराटरा फाडली, आक्काला फाटकाबाहेर काढलं आणि कोरी चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. "लिहिता येतं ना तुला? बस टेबलावर. पगार तिचाच मिळेल."

मी सही केली. गाडी गेली.

सून बाळंत झाली म्हणे. मी बघायला गेले नाही, कुठल्या तोंडाने जाणार? चार महिने झाले, रोज सही करतेय. विचारलं तर सांगते, पोटासाठी बाई, पोटासाठी. घरी मीठ मात्र दुसऱ्या कंपनीचं आणते.