मे महिन्यातले शिंपले

शिंपल्यांवर पीएचडी करते म्हटलं की अंबडमध्ये पहिला प्रश्न यायचा, मोती निघतात का? निघत नाहीत, हे सांगून मी कंटाळले होते. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. गोदावरीतला शिंपला उन्हाला कसं तोंड देतो, हा माझा विषय. पाणी तापलं की त्याच्या पेशींतली ठरावीक जनुकं जोरात कामाला लागतात. त्यांच्या निरोपावरून पेशी अशी प्रथिनं बनवते, की जी उन्हानं बिघडू लागलेल्या बाकीच्या प्रथिनांना सावरून धरतात. किती निरोप सुटले, ते मला मोजायचं होतं.

हा निरोप, म्हणजे आरएनए, भलता नाजूक. लगेच गोठवला नाही तर तुकडे होतात. म्हणून जनावरांच्या दवाखान्यात वळूचं वीर्य ठेवतात तसला अतिथंड द्रव नायट्रोजनचा डबा मी मागून आणला. तो घेऊन एसटीत बसले की लोक म्हशीचं औषध विचारायचे.

मे महिन्यात अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मोटरसायकलवरून मला वडीगोद्रीच्या पुढं नदीवर नेलं. पात्रात डबकी उरली होती, त्यातून शिंपले काढले. अर्धे कॉलेजातल्या साध्या टाकीत ठेवले, अर्धे तापवलेल्या. मग कल्ल्यांचे तुकडे गोठवून विद्यापीठात नेले. निकाल आला तेव्हा दोन्हींत फरकच नव्हता.

माझे मार्गदर्शक सर म्हणाले, प्रयोग फसला. साध्या टाकीतले शिंपलेही आधीच तापलेले आहेत. काही आठवडे थंड पाण्यात ठेवा आणि परत करा.

थंड पाणी आणायचं कुठून? कॉलेजात यंत्र नव्हतं. मी टाकी घरी आणली, मधल्या खोलीत कूलरसमोर ठेवली. अण्णा बाटल्यांत बर्फ गोठवून टाकीत सोडायचे. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेला माणूस, आता दुपारभर शिंपल्यांच्या पाण्यात थर्मामीटर बुडवत बसायचा. आम्हाला जमत आलं होतं.

मग गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळाला. हवेचा पंप बंद, बर्फ संपला. अण्णा भर उन्हात अंकुशनगरकडं बर्फाची लादी शोधत गेले. ती घेऊन आले तोवर शिंपल्यांची तोंडं उघडी पडली होती. मेलेला शिंपला परत मिटत नाही. वास इतका सुटला, की शेजारच्या काकू विचारायला आल्या. अण्णा मला म्हणाले, "माय, लाइटीवर कुणाचा जोर चालत न्हाई. पाणी फेकून देऊ मंग."

हिवाळ्यात परत गेले. नदी थंड होती, शिंपले घट्ट मिटलेले होते. या वेळी फरक लख्ख दिसला: तापवलेल्या शिंपल्यांत त्याच जनुकांचे निरोप कितीतरी पटींनी वाढले होते. सर खूश झाले, आणि मेचे आकडे काढून टाका म्हणाले.

"सर, मेमध्ये ती जनुकं आधीच पूर्ण जोरात चालू होती," मी म्हणाले. "आपण टाकी तापवली तेव्हा वाढवायला त्यांच्याकडं काही उरलंच नव्हतं. खरी बातमी ती आहे."

"असेल. पण परीक्षक विचारतील, मे महिन्यातला न तापलेला शिंपला कुठाय? काय सांगाल?"

मला संताप आला. हिवाळ्यातला शिंपला मेच्या शिंपल्याशेजारी मांडता येत नाही. खाणं वेगळं, पाणी वेगळं, अंडी धरण्याचा काळ वेगळा. शास्त्राच्या बाजूनं सर बरोबर होते. पण उन्हाळ्यात जिथं एकही थंड शिंपला सापडत नाही, तिथं त्याचा ताप सिद्ध करायचा कसा, हे त्यांनीही सांगितलं नाही.

पदवी मिळाली. अण्णांनी गल्लीत पेढे वाटले. प्रबंधात त्या मे महिन्याबद्दल एकच ओळ आहे: उन्हाळ्यातील नमुने तांत्रिक कारणास्तव वगळले. तोंडी परीक्षेत त्या ओळीवरून परीक्षक मला खोदून विचारतील, याची मी वाट पाहत होते. कुणी काहीही विचारलं नाही.