सुजलेला पाय
तापल्या तेलात ओवा पडल्याचा वास आला की मी अजून माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या खोलीत जाऊन पडते. आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. सोलापुरात माहेरी मी बाजेवर पडले होते. अंगात ताप होता, खाली शेगडीवर धुरी होती आणि पलीकडच्या गल्लीतल्या मागांचा खडखडाट पाण्याखालून यावा तसा लांबून येत होता. डावा पाय सकाळपासून सुजून निळसर झाला होता. तो इतका जड वाटत होता की माझा नव्हेच. बाळंतिणीला चोळायला येणारी बाई म्हणाली, "वारं धरलंय, चोळलं की उतरंल." तिनं तेलाचा हात पायावर ठेवला, तेवढ्यात दुपटी वाळत घालून आई आत आली. पाय बघताच तिनं बाईचं मनगट धरलं. "चोळू नगा! माज्या आईचा पाय बाळंतपणात असाच सुजला हुता. चोळला, आन् दुपारी दम लागून ती गेली." आजी कशी गेली, हे आई त्याआधी कधीच बोलली नव्हती. तिनं लगेच टांगा आणवला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "शिरेत रक्ताची गुठळी झालीय. चोळलं असतं तर ती सुटून फुफ्फुसात गेली असती." इंजेक्शनं घेऊन मी वाचले. रक्त लवकर गोठण्याचा हा दोष आमच्याकडे आईकडून लेकीकडे आलाय, हे कितीतरी वर्षांनी तपासणीत कळलं. तोवर आई राहिली नव्हती. लेकीला दिवस गेले तेव्हा डॉक्टरांनी काही विचारायच्या आधीच मी त्यांना आजीपासून सगळं सांगितलं.