थंडोबाचं ऊन

थंडोबा हे नाव काही त्याच्या आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. शहराच्या टोकाला असलेल्या कोल्ड स्टोरेजमध्ये बावीस वर्षं काढल्यावर ते त्याला आपोआप चिकटलं आणि पुढे घरचेही तेच वापरू लागले. काम साधं होतं. उणे अठरा अंशांच्या खोल्यांत मटार, मासे आणि आइस्क्रीमची खोकी लावायची, जुना माल पुढे, नवा मागे, आणि गाडी आली की काढून द्यायची. अंगात गादीसारखा जाड कोट, कानांवर टोपी, एकावर एक दोन हातमोजे. चाळीस मिनिटं आत काढली की वीस मिनिटं बाहेर, असा तिथला नियम. त्या वीस मिनिटांत बाकीच्यांना सिगारेटी सुचायच्या. थंडोबा माल चढवायच्या ओट्यावर उन्हाकडे पाठ करून बसायचा आणि डोळे मिटून घ्यायचा.

वर्षभराची रजा तो साठवून ठेवायचा आणि सगळी उन्हाळ्यात घ्यायचा. कुठेतरी थंड हवेच्या ठिकाणी जाऊ या, असं कुणी सुचवलं तर त्या माणसाशी तो चार दिवस बोलायचा नाही. घरावर गच्ची होती. दुपारी बाराला तो खुर्ची घेऊन वर जायचा, ती गच्चीच्या मधोमध मांडायचा आणि वाफाळता चहा पीत ऊन खात बसायचा. शेजारच्या इमारतीतल्या एका बाईंनी हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा घरात काही वाजलंय का, म्हणून विचारायला त्या जिने उतरून आल्या होत्या.

वाजलं काही नव्हतं, पण मतभेद जुने होते. त्याची बायको घरी पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवायची. गच्चीखालच्या खोलीत, गरम इस्त्रीच्या शेजारी दिवसभर मशीन चालवून संध्याकाळपर्यंत ती उकडून निघायची. उन्हाळ्याची मजा घ्यायची तर ती पडदे ओढून, पाय गार फरशीवर टेकवून आणि ग्लासात बर्फ वाजवत, असं तिचं मत. घरचा जुना फ्रीज बर्फ जमवायला दोन दिवस घ्यायचा. नवरा कोल्ड स्टोरेजमध्ये आणि घरात बर्फाचा खडा नाही, हे ती येईल त्याला ऐकवायची. बर्फ आणायला सांगितलं की थंडोबा हटकून विसरायचा. बाकी कुठलीही गोष्ट तो विसरत नसे.

या वर्षी बायकोने ठरवलं, की गच्ची अशी वाया जाऊ द्यायची नाही. वर हिरवी जाळी बांधायची, चार कुंड्या, एक लांब टेबल, आणि रविवारी ताईला आणि भाऊजींना जेवायला बोलवायचं. हे भाऊजी म्हणजे थंडोबाचे साडू. त्यांच्या घरी प्रत्येक खोलीत एसी होता, आणि 'कसं काय' म्हटल्यावर दुसऱ्याच वाक्यात ते तो विषय काढायचे.

बायकोने जाळीच्या कडा मशीनवर दुमडून शिवल्या, कड्या लावल्या. थंडोबाने ती चार पाइपांना बांधून दिली. एक शब्द न बोलता बांधून दिली, तेव्हाच खरं तर तिला संशय यायला हवा होता. दुसऱ्या दिवशी बारा वाजता तो खुर्ची घेऊन वर गेला तर गच्चीवर ऊनच नाही. पाच मिनिटं तो बसून राहिला. त्या सावलीत स्वतःचे हात मटारासारखे हिरवे दिसत होते, आणि रजेत त्याला मटार नको होते. तो खाली आला, मशीनच्या खणातली कात्री घेतली आणि खुर्चीच्या बरोबर वर, खुर्चीएवढा चौकोन जाळीतून कापून काढला.

चार वाजता बायकोला ते भोक दिसलं. भोकाचं एक वेळ तिने ऐकून घेतलं असतं. पण कात्री कापडाची होती. त्या कात्रीने घरात कागदसुद्धा कापायचा नाही, असा दंडक होता, आणि आता ती पडद्याचं कापड कापण्याऐवजी चावत होती. दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी बायकोने सासूमार्फत निरोप धाडला, की रविवारच्या आत ते भोक शिवलं गेलं पाहिजे. थंडोबाच्या आईने तो गच्चीवर पोचवला. म्हणाली, "रविवारच्या आत तुला शिवून टाकणार आहे म्हणे."

थंडोबाने कात्री धार लावून आणली, तेव्हा अबोला सुटला. भोक मात्र राहिलं. गुरुवारी तो म्हणाला शिवतो, शुक्रवारीही म्हणाला शिवतो.

शनिवारी बर्फ आणायचा होता. या कामी नवऱ्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही, हे ओळखून बायको स्वतःच त्याच्या स्कूटरवर मागे बसून निघाली. दुपारचे दोन वाजले होते, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात ती कोल्ड स्टोरेजच्या दाराच्या आत कधी गेली नव्हती. मुकादमाने नियमाकडे कानाडोळा केला आणि वहिनींच्या अंगावर एक कोट चढवला. तो तिच्या घोट्यांपर्यंत आला.

पहिलं मिनिट तिला स्वर्गाचं वाटलं. बावीस वर्षं इथे एकट्याने चैन करताय होय, असं ती म्हणालीसुद्धा. दुसऱ्या मिनिटाला तिला आपलं नाक कुठे आहे ते कळेना. बर्फ होता अगदी आतल्या कोपऱ्यात, माशांच्या पलीकडे. तिकडे जाता जाता थंडोबाला मटाराची दोन खोकी चुकीच्या जागी दिसली. रजेवर असूनही तो ती हलवायला थांबला. तोवर बायकोच्या पापण्या ताठ झाल्या. चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवणारी तिची बोटं पिशवीचा बंद धरेनात. सगळं मिळून सात मिनिटं झाली असतील.

बाहेर आल्यावर ती पंख्याखाली गेली नाही, की सावलीत गेली नाही. सरळ ओट्यावर जाऊन बसली, तीही उन्हाकडे पाठ करून. थंडोबाने कँटीनमधून चहा आणला. ग्लास तिने आधी दोन्ही हातांत धरला, मग गालाला लावला.

"रोज असंच असतं?" तिने विचारलं.

"मटारांकडे जरा बरं असतं. माशांकडे जास्त."

"आणि तुम्ही घरी आल्या आल्या मी उकाड्याचं गाऱ्हाणं सांगते."

"सांगत जा की," थंडोबा म्हणाला. "मला ऐकायला बरं वाटतं."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. तो चेष्टा करत नव्हता. मग ती हसायला लागली. ग्लास रिकामा झाला तरी दोघं उठेनात. तेवढ्यात मुकादमाने खूण करून दाखवलं, की पायाशी ठेवलेल्या पिशवीतून पाण्याचा ओघळ फाटकापर्यंत पोचलाय. थंडोबाला बर्फासाठी पुन्हा आत जावं लागलं.

रविवारी भोकाचं नाव तिने काढलं नाही. टेबलावर मीठ-मिरपूड लावलेली काकडी होती, दह्यातले बटाटे, भाजलेली कणसं, तळलेले मासे, कापलेलं कलिंगड आणि लिंबाच्या सरबताचा मोठा जग. उन्हाचा चौकोन टेबलापासून हातभर लांब पडेल, असं मोजून तिने टेबल मांडलं होतं. ऊन सरकतं, ही गोष्ट तेवढी मोजायची राहिली.

दीड वाजता चौकोन टेबलावर चढला. आधी कलिंगडावर आला, मग दह्यावर, आणि एसीच्या बिलाकडे न बघता गारव्याकडे कसं बघावं ते साडू समजावत असताना थेट त्यांच्या टकलावर येऊन थांबला. ते खुर्ची घेऊन सरकले. पंधरा मिनिटांनी ऊन पुन्हा त्यांच्यापाशी आलं. ते सरकले की ताई सरकायची, ताई सरकली की आई. दोनच्या सुमारास सगळे एकेक जागा पुढे गेले होते आणि साडू ताईच्या ताटातलं कणीस खात होते. तेही डाव्या हाताने.

हे आईच्या नजरेतून सुटलं नाही. उजवा हात दुखतो का, असं तिने विचारलं. साडू नाही म्हणाले आणि ताई हो म्हणाली. मग ताईनेच सगळं सांगितलं. झोपण्याच्या खोलीतल्या एसीचा झोत बरोबर खांद्यावर येतो, तीन महिने झाले, खांदा आखडलाय, सदऱ्यात हात घालायला दोन माणसं लागतात, आणि एसी बंद करू या म्हटलं तर ऐकत नाहीत.

"ऊठ," आई साडूंना म्हणाली, "आणि तिथे बस."

एसीचा विषय निघाला की साडूंची छाती फुगायची, पण आईसमोर नाही. खांदा उन्हात आणि बाकीचं अंग सावलीत अशी त्यांची खुर्ची लावण्यात आली. सरबताचा ग्लास हातात घेऊन ते म्हणाले, की त्यांच्या नव्या एसीला सात प्रकारची... आणि तिथेच त्यांचा डोळा लागला. ग्लास थंडोबाच्या बायकोने हळूच काढून घेतला.

ताई म्हणाली, तीन महिन्यांत माणूस असा झोपला नव्हता. त्यामुळे कुणी त्यांना उठवेना. पण ऊन पुढे चाललं होतं. शेवटी थंडोबाच दर पंधरा मिनिटांनी उठायचा आणि झोपलेल्या साडूंसकट ती खुर्ची टिचभर पुढे ढकलायचा. खोकी हलवायचा हात होता त्याचा, खुर्चीचा आवाजही झाला नाही. स्वतः तो सावलीत बसला आणि रजेतला आपला एक दिवस साडू कसा फस्त करतोय ते पाहत राहिला.

साडू पाचला जागे झाले. खांदा सुटला वगैरे ते म्हणाले नाहीत. पण जाताना जिन्याचा कठडा त्यांनी उजव्या हाताने धरला, आणि जाळी कुठून आणली ते दोनदा विचारलं.

पाहुणे गेल्यावर भांडी उरली. टाकीतलं पाणी दिवसभर तापून कढत झालं होतं. थंडोबाने गच्चीवरच्या नळाखाली मोठं घमेलं भरलं, बाह्या सारल्या आणि कोपरापर्यंत हात त्यात बुडवून तो तसाच उभा राहिला. बायको जवळच स्टुलावर बसली. सरबताच्या जगात तळाशी बर्फाचे दोन खडे उरले होते, ते तिने आपल्या ग्लासात ओतून घेतले.

"सावकाश घासा," ती म्हणाली. "मला काही घाई नाही."