स्कूटरच्या टप्प्याबाहेरचं कॉलेज

बारावीचा निकाल लागला की आमच्या नाशिक रोडच्या सोसायटीत ज्याच्या घरी जावं तिथे चहाबरोबर एक किस्सा मिळतो. माझ्याकडे तर एकाच उन्हाळ्यात इतके साठले, की ऑफिसात डबा खाताना वर्षभर पुरले. आम्ही तीन घरं भाड्याच्या मोठ्या गाडीतून कॉलेजं बघत फिरलो होतो. मी आणि माझा निनाद, खालच्या मजल्यावरचे पाटणकर आणि त्यांची मुक्ता, शिवाय नामपूरहून लेकाला घेऊन आलेले माझे मित्र सोनवणे अण्णा. अट सगळ्यांची एकच. कॉलेज महाराष्ट्रातलं हवं, फी झेपणारी हवी आणि पोरांना राहायला बरं हॉस्टेल हवं.

*

पाटणकर बँकेत मॅनेजर. त्यांच्या घरातही सहीशिवाय काही हलत नाही. मुलीला पूर्ण स्वातंत्र्य दिलंय, असं ते सगळ्यांना सांगायचे. फक्त तिने नाशिकमधलं कॉलेज निवडावं, एवढंच.

मुक्ताने थेट विदर्भातलं सरकारी कॉलेज काढलं. फी कमी, प्राध्यापक चांगले, कॅम्पसवर नाटक-गाणं-खेळ सगळं, असं तिने वडिलांना व्यवस्थित पटवलं. खरं कारण तिने जिन्यात निनादला सांगितलं.

"बाबांची स्कूटर तिथपर्यंत पोचत नाही."

*

तरी पाटणकरांच्या आग्रहाखातर आधी एक खासगी कॉलेज बघितलं. ब्लेझरमधल्या मॅडमनी आम्हाला स्विमिंग पूल दाखवला. निळ्या फरशा चकचकीत होत्या, पाणी नव्हतं. मी कारण विचारलं.

"पाणी सोडलं की मुलं उतरतात," मॅडम म्हणाल्या.

मग त्या इंटरनॅशनल एक्सपोजरवर बराच वेळ बोलल्या. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि आपल्या अहिराणीत म्हणाले,

"ताई, आमना पोऱ्या नामपूरना शे. पहिले त्याले महाराष्ट्र तं दखाडा."

*

त्याच कॉलेजात मुलींच्या हॉस्टेलचं गेट दिवेलागणीला बंद व्हायचं. मुलांच्या हॉस्टेलला गेट होतं, पण ते बंद झालेलं कोणी बघितलं नव्हतं. रेक्टर म्हणाले, मुलींच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. पाटणकरांना हे फारच आवडलं. मुक्ताने विचारलं, की धोका नेमका कोणापासून आहे? रेक्टर म्हणाले, मुलांपासूनच, दुसरं कोणापासून?

"मग त्यांना कोंडा ना."



*

शेवटी विदर्भातलं ते सरकारी कॉलेज. भिंतींचे पोपडे निघालेले, पण आवार जिवंत. एकीकडे व्हॉलीबॉल, एकीकडे ढोलाची प्रॅक्टिस, झाडाखाली कोणीतरी निवडणुकीच्या भाषणासारखं भांडत होतं. निनादचा चेहरा इतका खुलला, की मला जरा वाईटच वाटलं. घरी त्याला मी एवढं खूश कधी बघितलं नव्हतं.

पाटणकरांनी जाणाऱ्या एका विद्यार्थ्याला अडवून करड्या आवाजात विचारलं, की इथे अभ्यास कधी करता?

"परीक्षा जाहीर झाली की, काका."

तो मुलगा वर्गात पहिला आहे, हे आम्हाला नंतर कळलं. पाटणकरांना मी अजून सांगितलेलं नाही.

*

पुढे मुक्ताला तिथेच प्रवेश मिळाला आणि आम्ही तिला सोडायला गेलो. पाटणकर वहिनीही होत्या. त्या सगळ्या दौऱ्यात होत्या, मागच्या सीटवर, बॅगांच्या शेजारी. सांगायचं राहिलंच. त्यांना चहा हवा का, गाडी लागते का, हे कोणी विचारलं तरी उत्तर पाटणकरच द्यायचे.

पाटणकर खोलीत मुक्ताला शिस्तीबद्दल सांगत होते. वहिनी कॉटवर बसून खिडकीतून खाली बघत होत्या. खाली मुली नाटकाची तालीम करत होत्या, एकीचं वाक्य चुकलं की सगळ्या हसायच्या. पाटणकरांचं बोलणं संपलं तरी वहिनी उठल्या नाहीत. मुक्तानेच त्यांना हाताला धरून उठवलं.

निघताना रेक्टर मॅडमनी आईंना काही विचारायचंय का, असं विचारलं. पाटणकर म्हणाले, नाही, तिचं काही नाही.

"आहे," वहिनी म्हणाल्या. "इथे ॲडमिशनला वयाची अट किती?"

पाटणकर हसले. मीही हसलो. वहिनींनी तोवर पर्समधून पेन काढलं होतं.